भाचीला बीएला तत्त्वज्ञान घ्यायचं आहे, बेळगाव-खानापूर भागातल्या जाणत्यांनी सांगावं

शहापूरचा_मामा

नमस्कार मंडळी. माझी भाची खानापूर तालुक्यातल्या खेड्यातली. दहावीपर्यंत मराठी शाळा, नंतर पीयूसी, म्हणजे अकरावी-बारावी, आर्ट्स. यंदा सेकंड पीयूसी फर्स्ट क्लासमध्ये पास झाली आणि आता म्हणते, डिग्रीला तत्त्वज्ञान घेणार. पीयूसीला तिला लॉजिक होतं, तिथनं हे मनात बसलंय.

घरात सगळे एकच बोलूलालेत, या विषयाला नोकरी नाही. दाजींचं म्हणणं, बीकॉम कर, नाहीतर बीए-बीएड करून शाळेत लाग. बहीण म्हणते, हे साधुसंतांचं शिक्षण, पोरीला कशाला? शेवटी दोघांनी माझ्यावर सोपवलंय. मी मागावरच्या घरातला माणूस, कपड्याच्या दुकानात हिशेब बघतो. पण पोरगी हट्टानं बोलत नाही, विचार करून बोलते, एवढं मला दिसतं. तिला नाही म्हणायचं तर कारण खरं पाहिजे, आणि हो म्हणायचं तर पुढची वाट माहीत पाहिजे.

हा विषय नेमका काय असतो? मराठी शाळेतल्या पोरीला भाषा आड येईल का? पुढं पोटापाण्याचं काय? ज्यांनी स्वतः हा विषय घेतलाय त्यांनी लिहिलं तर उपकार होतील.

निवृत्त_प्राध्यापक_धारवाड

शहापूरचे मामा, तुम्ही विचारलंत हे फार बरं झालं. बहुतेक घरांत हा प्रश्न विचारलाच जात नाही, परस्पर नाही म्हणून मोकळे होतात. मी सीमाभागातल्या कॉलेजांत हाच विषय शिकवला, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

बीएला साधारण चार गोष्टी येतात. तर्कशास्त्र, नीतिशास्त्र, भारतीय दर्शनं आणि पाश्चात्त्य तत्त्वज्ञान. पाश्चात्त्य भाग ग्रीकांपासून, म्हणजे सॉक्रेटिस, प्लेटो, ॲरिस्टॉटल यांच्यापासून सुरू होतो, मग देकार्त, ह्यूम, कांट. भारतीय भागात चार्वाक, जैन, बौद्ध ही तीन नास्तिक, म्हणजे वेद प्रमाण न मानणारी दर्शनं आणि न्याय, वैशेषिक, सांख्य, योग, मीमांसा, वेदान्त ही सहा आस्तिक, म्हणजे वेद मानणारी. कर्नाटकातल्या अभ्यासक्रमांत बसवण्णा आणि वीरशैव विचारही असतो.

नावं ऐकून पाठांतराचा विषय वाटतो, आणि दुर्दैवानं पुष्कळ ठिकाणी गाईड घेऊन तसाच उरकला जातो. नीट शिकवला तर काय होतं त्याचं एक उदाहरण देतो. न्यायदर्शनातलं प्रसिद्ध अनुमान सर्वांना माहीत असतं: डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तिथे अग्नी आहे. मी वर्गात उलटं विचारायचो. डोंगरावर अग्नी आहे, म्हणून तिथे धूर असलाच पाहिजे का? निम्मा वर्ग हो म्हणायचा. मग एखादी खेड्यातली मुलगी हळूच सांगायची, सर, वाळक्या लाकडाचा निखारा झाला की धूर नसतो. बरोबर! धुराला अग्नीबरोबर ओलं सरपणही लागतं. नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनाचे पंडित, या लपलेल्या अटीला उपाधी म्हणतात, आणि ‘ओलं इंधन’ हेच त्यांचं शास्त्रातलं उदाहरण आहे. खानापूरच्या पावसाळ्यात चूल पेटवलेल्या मुलीला ही उपाधी पुण्या-मुंबईच्या मुलाआधी कळते. एकदा ती कळली की भाषणात, बातमीत, जाहिरातीत कोणती अट लपवली आहे ते शोधायची सवय लागते. तीन वर्षांत ही सवय लागली तर पदवी कारणी लागली.

आता व्यवहाराचं. बेळगाव जिल्ह्यातली कॉलेजं २०१० पासून राणी चन्नम्मा विद्यापीठाखाली आली, त्याआधी ती धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाकडे होती. कर्नाटकानं २०२४-२५ पासून चार वर्षांची पद्धत मागे घेऊन पुन्हा तीन वर्षांची पदवी आणली. त्यात तीन विषय घ्यावे लागतात, त्यामुळे तुमची भाची फक्त तत्त्वज्ञान घेणार नाही, त्याच्या जोडीला आणखी दोन असतील. तुमच्या दाजींच्या चिंतेचं अर्धं उत्तर या दोन विषयांत आहे.

कॉलेज निवडताना इमारत बघू नका. तत्त्वज्ञानाला पूर्णवेळ शिक्षक आहे का, गेल्या वर्षी वर्गात किती मुलं होती आणि ग्रंथालयात त्या विषयाचं कपाट उघडतं का, एवढं बघा. मुलं कमी झाली की हा विषय बंद होतो, म्हणून दुसरा प्रश्न आवर्जून विचारा.

निपाणीकर_नेट

सरांचं सगळं मान्य. पण मामांनी पोटापाण्याचं विचारलंय, त्यावर स्पष्ट लिहिणारा कुणीतरी पाहिजे.

मी एमए फिलॉसॉफी, नेट पास, म्हणजे प्राध्यापक होण्यासाठीची राष्ट्रीय पात्रता परीक्षा. सीमेच्या अलीकडं कर्नाटकात अतिथी उपन्यासक, म्हणजे गेस्ट लेक्चरर म्हणून शिकवलं, पलीकडं महाराष्ट्रात तासिका तत्त्वावर शिकवलं. दोन्हीकडं वर्गात उभं राहिल्यावरचा आनंद सारखाच, आणि दोन्हीकडं पगार वेळेवर न येण्याचा त्रासही सारखाच. नेमणूक वर्षापुरती. मे महिन्यात हातात काही नसायचं, जूनमध्ये पुन्हा अर्ज. सहायक प्राध्यापकाची कायम जागा मिळाली तर सुरुवातीचं मूळ वेतन ५७,७०० रुपये आहे, पण तत्त्वज्ञानाची जाहिरात निघणं हीच मोठी गोष्ट. शेवटी घर चालवायला मी पतसंस्थेत लागलो.

दाजींना वाटतं तसं ‘बीए करून शाळेत’ हेही सरळ नाही. हायस्कूलला तत्त्वज्ञान हा विषयच नसतो. बीएडला अध्यापनाचा विषय म्हणून इतिहास, राज्यशास्त्र किंवा एखादी भाषा लागते. म्हणून जोडीचे दोन विषय शाळेत चालणारेच घ्या. हे पहिल्या वर्षाच्या फॉर्मवरच ठरतं, नंतर सुधारता येत नाही.

दुसरं भाषेचं. नेटची परीक्षा इंग्रजी किंवा हिंदीत असते, मराठीत नाही. पेपर एक ५० प्रश्नांचा, पेपर दोन १०० प्रश्नांचा, एकूण ३०० गुण, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. याच परीक्षेतनं जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर २०२३ पासून महिन्याला ३७,००० रुपये आहेत, आणि ते मिळाले तर पीएचडी घरच्यांकडून एक रुपया न घेता होते. मुलींना वयाची पाच वर्षं सवलतही आहे. पण त्यासाठी इंग्रजी वाचन पहिल्या वर्षापासून पाहिजे, एमएला गेल्यावर नाही.

एवढं लिहिलं म्हणून तिला अडवा असं मी म्हणत नाही. ज्याला हा विषय आवडतो त्याला तो घेऊ द्यावा, फक्त शिक्षकी हीच एक वाट धरून बसू नये.

कोर्टगल्ली

मी वकिली करतो, म्हणून माझ्या बाजूची वाट सांगतो. बीएनंतर तीन वर्षांचं एलएलबी. बेळगावात टिळकवाडीला राजा लखमगौडा कायदा महाविद्यालय घरच्या अंतरावर आहे, बाहेर राहायचा खर्च नाही.

तर्कशास्त्र शिकलेला ज्युनिअर चेंबरमध्ये आला की दोन दिवसांत ओळखू येतो. सरांनी धुराचं उदाहरण दिलं ते वाचून मला १९८४ चा सारडा खटला आठवला, शरद बिरधीचंद सारडा विरुद्ध महाराष्ट्र राज्य. परिस्थितिजन्य पुराव्यावर शिक्षा द्यायची तर कोणत्या पाच कसोट्या पार झाल्या पाहिजेत, हे सर्वोच्च न्यायालयानं त्यात सांगितलं. त्यातली एक अशी की आरोपी दोषी आहे यापलीकडची प्रत्येक शक्यता पुराव्यानं बाद झाली पाहिजे. म्हणजे सर म्हणतात ती लपलेली अट शोधणं, हेच बचावाच्या वकिलाचं काम. १ जुलै २०२४ पासून पुराव्याचा जुना कायदा जाऊन भारतीय साक्ष अधिनियम आला, कलमांचे आकडे बदलले, पण ही कसोटी तीच राहिली. आकडे कुणीही पाठ करतो. कसोटी लावता येणं हे आधीच्या शिक्षणावर अवलंबून असतं, आणि ते शिक्षण तत्त्वज्ञानात फार चांगलं मिळतं.

खानापूरची_ताई

‘पोरीला कशाला’ या वाक्यावर लिहिल्याशिवाय राहवत नाही. मामा, तुमच्या बहिणीला माझ्या वतीनं सांगा, जनक राजाच्या सभेत याज्ञवल्क्याला दोनदा उठून प्रश्न विचारणारी गार्गी उपनिषदातच आहे. आणि आपल्या कर्नाटकातली अक्कमहादेवी, महाराष्ट्रातली मुक्ताबाई. साधुसंतांचं शिक्षण म्हणायचं असेल तर त्यातही बायका पहिल्यापासून होत्या.

आता कामाचं. जून २०२३ पासून शक्ती योजनेत कर्नाटकातल्या बायकांना राज्यातल्या साध्या सरकारी बसमध्ये तिकीट नाही. खानापूर-बेळगाव रोजचा प्रवास फुकट, उद्या एमएला धारवाडला जायचं झालं तरी फुकट. कोल्हापूर-पुण्याचं गणित मांडताना बसचा आणि हॉस्टेलचा खर्च वेगळा धरा. माझ्या शेजारच्या मुलीचं शिक्षण या एका गोष्टीनं सुरू राहिलंय.

हिंदवाडी_सायकल

या धाग्यात गुरुदेव रानड्यांचं नाव अजून कसं आलं नाही? रा. द. रानडे, जन्म १८८६, जमखंडीचे. म्हणजे आपल्याच मुलखातले. डेक्कन कॉलेजात शिकले, फर्ग्युसनला शिकवलं, पुढं अलाहाबाद विद्यापीठात तत्त्वज्ञानाचे प्रमुख आणि नंतर कुलगुरू झाले. उपनिषदांवरचा त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९२६ चा, तो आजही जगभर अभ्यासाला घेतात. महाराष्ट्रातल्या संतांवर त्यांनी लिहिलं, कन्नड संतांवरही लिहिलं. शेवटी विजापूर जिल्ह्यातल्या निंबाळला राहिले, तिथंच १९५७ मध्ये गेले. आणि त्यांच्या प्रेरणेची तौलनिक तत्त्वज्ञान आणि धर्माची अकादमी आपल्या हिंदवाडीत आहे! भाचीनं तिथं जाऊन यावंच. जमखंडीचा मुलगा अलाहाबादला कुलगुरू होतो, मग खानापूरच्या मुलीनं का मागं राहावं?

विवेक_वडगाव

रानड्यांबद्दल आदर आहेच. पण यातनंच तो गोंधळ होतो ज्यामुळे मामांच्या बहिणीला हे संन्याशाचं शिक्षण वाटतं. तत्त्वज्ञान म्हणजे अध्यात्म नव्हे. नामस्मरण, प्रवचन, मठ हे वेगळं. विद्यापीठात देव आहे की नाही यावर दोन्ही बाजू शिकवतात आणि परीक्षेत श्रद्धेला गुण नसतात. भाचीला हे आधी कळायला हवं, नाहीतर पारायणाची आवड आहे म्हणून मुलं येतात आणि दुसऱ्या सत्राला निराश होतात.

हिंदवाडी_सायकल

रानड्यांनी ग्रीक तत्त्वज्ञानही शिकवलं आणि त्यावर लिहिलं. त्यांना फक्त अध्यात्माच्या खात्यात टाकू नका. आणि आपल्याकडं ज्ञानेश्वरी ऐकत वाढलेल्या मुलाला अद्वैत म्हणजे काय हे शब्दानं तरी माहीत असतं. ती शिदोरी का टाकून द्यायची?

निवृत्त_प्राध्यापक_धारवाड

दोघांचंही मला पटतं, पण फरक कुठे पडतो ते नेमकं सांगायला हवं. ज्ञानेश्वरी ऐकायला बसलेला माणूस ती खरी आहे असं धरून ऐकतो. अमृतानुभव या ग्रंथात ज्ञानेश्वर अज्ञानवादाचं, म्हणजे जगाच्या मुळाशी अज्ञान आहे या वेदान्ती मताचं, खंडन करतात, तेव्हा ते पानोपानी युक्तिवाद करतात. तत्त्वज्ञानाचा विद्यार्थी तो युक्तिवाद उचलतो आणि विचारतो, समोरचा वेदान्ती यावर काय म्हणेल? ज्ञानेश्वरांचा अपमान त्यात नाही, उलट त्यांनी जे केलं तेच पुढं नेणं आहे.

विवेक म्हणतात तो निराशेचा धोका खरा आहे. मी वर्गात पाहिलंय, कीर्तनाच्या घरातली मुलं चार्वाक शिकताना अवघडतात, आणि नास्तिक घरातली मुलं शंकराचार्य शिकताना. दोघांनाही मी एकच अट घालायचो: आधी समोरच्याची बाजू इतकी नीट मांडा की तो स्वतः ऐकून मान हलवेल, मग खोडा. जुन्या शास्त्रात पूर्वपक्ष म्हणतात तो हाच. आपल्या सीमाभागात याची किती गरज आहे हे मी सांगायला नको. भाषेवरून, गावाच्या नावावरून, पाटीवरून आपण पिढ्यान् पिढ्या भांडतो, आणि समोरच्याची बाजू त्याला मान्य होईल अशी मांडलेली मी फार क्वचित ऐकली आहे. मराठी माणसाकडूनही आणि कन्नड माणसाकडूनही.

चिकोडीचा_शेतकरी

सर, पूर्वपक्षावरून लिहावंसं वाटलं. आमचं घर जैन, ऊसवाले. इग्नू या मुक्त विद्यापीठातून एमए फिलॉसॉफी केलं, शेती सांभाळून. लहानपणापासून अनेकान्त, म्हणजे सत्याला अनेक बाजू असतात हे जैन मत, ऐकत आलो, पण त्याचा अर्थ आमच्यात बहुतेक जण ‘सगळ्यांचंच बरोबर’ असा लावतात. अभ्यास केल्यावर कळलं की त्यातनं आलेली विधान करायची पद्धत, स्याद्वाद, म्हणजे ढिलेपणा नव्हे, उलट कडक शिस्त आहे. प्रत्येक विधान कोणत्या अपेक्षेनं, म्हणजे कोणत्या बाजूनं बघून केलंय ते सांगितल्याशिवाय करायचं नाही. घडा आहे, कोणत्या द्रव्याच्या, जागेच्या, काळाच्या अपेक्षेनं? सात भंग, म्हणजे विधानाचे सात प्रकार, त्यासाठी. आपलीच एक अपेक्षा धरून बाकीच्या नाकारणारं विधान दुर्नय, म्हणजे चूकच.

बेळगावच्या किल्ल्यात १२०४ सालची कमल बसदी, म्हणजे जैन मंदिर, आहे, तिथं दर्शनाला जातो आम्ही. त्या दगडामागं एवढा विचार उभा आहे हे मला पदवीनं दाखवलं. शेतीच्या उत्पन्नात त्यानं वाढ झाली नाही, पण ग्रामपंचायतीत बोलायला उभा राहिलो की लोक शांत बसून ऐकतात.

नोकरी करत शिकणाऱ्यांनी इग्नूचा विचार करावा. अभ्याससाहित्य इंग्रजी-हिंदीत असतं. नियमित कॉलेजात जाता येत असेल तर मात्र जावंच, कारण वाद घालायला माणूस लागतो.

पहिला_प्रयत्न_विजयनगर

यूपीएससीबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून थोडक्यात. मेन्सला फिलॉसॉफी वैकल्पिक घेता येतं, दोन पेपर, प्रत्येकी २५० गुण. पहिल्यात पाश्चात्त्य आणि भारतीय दर्शनं, दुसऱ्यात राजकीय-सामाजिक तत्त्वज्ञान आणि धर्माचं तत्त्वज्ञान. अभ्यासक्रम आटोपशीर आहे. शिवाय २०१३ पासून नीतिशास्त्राचा २५० गुणांचा पेपर सर्वांनाच आहे. मेन्सची उत्तरं मराठीत लिहिता येतात, कन्नडमध्येही. पण पदवी घेतली म्हणजे परीक्षा निघाली असं नाही, आणि फक्त परीक्षेसाठी ही पदवी घेऊ नये असं माझं मत. महाराष्ट्रानं दावा सांगितलेल्या सीमाभागातल्या ८६५ गावांपैकी गाव असेल तर महाराष्ट्राच्या नोकऱ्यांतल्या सीमाभाग सवलतीचा नियमही मामांनी बघून ठेवावा.

मामाची_भाची

नमस्कार. मामानं काल धागा वाचायला दिला. सगळ्यांचे खूप आभार. मला पारायण आवडतं, पण मी त्यासाठी हा विषय घेत नाहीये. पीयूसीला सत्यसारण्या (ट्रुथ टेबल) करताना पहिल्यांदा वाटलं की एखादी गोष्ट बरोबर आहे हे मी स्वतः, कुणाला न विचारता तपासू शकते. ते मला पुढं शिकायचंय.

सरांना एक विचारायचंय. पुस्तकात वाचलं की चार्वाक फक्त प्रत्यक्ष मानतात, अनुमान मानत नाहीत, कारण सगळे धूर आणि सगळे अग्नी कुणी पाहिलेले नसतात. पण ‘अनुमानावर विश्वास ठेवू नका’ हे ते कशावरून सांगतात? ते प्रत्यक्ष दिसत तर नाही. मग तेही अनुमानच झालं ना? आणि तसं असेल तर ते इतके हुशार लोक एवढं कसं विसरले?

निवृत्त_प्राध्यापक_धारवाड

बाळ, तुझा पहिला प्रश्न नैयायिकांनी आणि बौद्धांनी चार्वाकांना विचारलेला आहे. तू तो पुस्तकात न वाचता काढलास याचा मला फार आनंद झाला. दुसरा प्रश्न त्याहून चांगला, कारण समोरचा मूर्ख नसणार हे धरून तू विचारते आहेस.

चार्वाक विसरले नव्हते. त्यांच्या बाजूनं असं म्हणता येतं: मी स्वतः काहीच सिद्ध करत नाही, तुम्ही अनुमान हे प्रमाण, म्हणजे ज्ञानाचं खात्रीचं साधन मानता, तर तुमच्याच नियमांनी ते टिकत नाही एवढंच दाखवतो. सर्वदर्शनसंग्रह हा चौदाव्या शतकातला, विजयनगरच्या काळातला ग्रंथ चार्वाकापासूनच सुरू होतो, त्यात व्याप्ती, म्हणजे ‘जिथे धूर तिथे अग्नी’ हा कायमचा संबंध, कळणार कशी हा हल्ला सविस्तर आहे. स्कॉटलंडच्या ह्यूमनं १७३९ मध्ये जवळपास हाच प्रश्न वेगळ्या वाटेनं विचारला: आजवर घडलं म्हणून उद्याही घडेल, हे कशाच्या बळावर म्हणता? त्यावर अजून सर्वांना पटेल असं उत्तर नाही.

न्यायाचा एक जबाब उदयनाचार्यांचा आहे. ते म्हणतात, शंका जरूर घे, पण तुझ्याच वागण्याशी ती भांडेपर्यंत. धूर हवा असला की तू अग्नीच पेटवतोस ना? मग अग्नीशिवायही धूर होत असेल ही शंका तुझी खरी नाही. हे उत्तर पुरेसं आहे का? मला पूर्ण पुरेसं वाटत नाही. वागणं हा सवयीचा भाग असू शकतो, आणि ह्यूम नेमकं तेच म्हणतो. तू यावर दोन पानं लिही. मराठीत लिही, चालेल. इंग्रजीची भीती बाळगू नकोस, रोज एक पान इंग्रजी वाच आणि त्याचा सारांश मराठीत लिहून ठेव, तीन वर्षांत नेटपुरतं येईल. दे. द. वाडेकरांनी संपादित केलेला मराठी तत्त्वज्ञान महाकोश तीन खंडांचा आहे, १९७४ चा. ग्रंथालयात मिळाला तर संज्ञा अडली की त्यात बघत जा. एमएला मराठी वातावरण हवं असेल तर पुणे विद्यापीठाचा विभाग आहे, तिथून ‘परामर्श’ हे मराठी नियतकालिकही निघत आलं आहे. घराजवळ हवं असेल तर धारवाड आणि गोवा विद्यापीठ. ते तीन वर्षांनी ठरव.

शहापूरचा_मामा

मंडळी, काल रात्री दाजींना आणि बहिणीला बसवून सगळा धागा वाचून दाखवला. निपाणीकरांचं लिहिणं दाजींना सगळ्यात पटलं, कारण त्यांनी काही लपवलं नाही. बहीण वकीलसाहेबांचं दोनदा वाचायला लावून ऐकली. ठरलंय असं की तत्त्वज्ञान, राज्यशास्त्र आणि इंग्रजी हे तीन विषय एकत्र जिथं मिळतील ते बेळगावातलं कॉलेज. सोमवारी भाचीला घेऊन फिरणार आहे. सरांनी सांगितलेले प्रश्न वहीवर लिहून घेतलेत. आणखी काही बघायचं असेल तर सांगा.

खानापूरची_ताई

मामा, कागदपत्रं आधी जमवा: दहावी आणि पीयूसीचे मार्क्सकार्ड, टीसी, जात-उत्पन्न दाखला, आधार, बँक पासबुक. स्कॉलरशिपसाठी खात्याला आधार जोडलेलं लागतं, ते खानापुरातच करून घ्या. अर्ज यूयूसीएमएस या कर्नाटकातल्या विद्यापीठ-कॉलेजांच्या सरकारी पोर्टलवर भरायचा असतो. प्रत्येक कॉलेजचे विषयगट ठरलेले असतात, तुम्हाला हवे ते तीन एका गटात नसतील तर राज्यशास्त्राऐवजी इतिहास चालेल का हे भाचीला आधीच विचारून ठेवा. आणि प्राचार्यांना भेटून झालं की तत्त्वज्ञानाच्या शिक्षकांनाही भेटा, तिथं बोलणं तिलाच करू द्या.

मामाची_भाची

इतिहास चालेल ताई. सर, दोन पानं लिहायला घेतली आहेत, ह्यूमच्या बाजूनं. पूर्ण झाली की इथंच टाकते.